कोल्हारचं विमान आणि कॅथरीनचं लग्न

कोल्हार,
१५ जुलै १९७३

चि. कला,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे कशाला लिहायचे. इकडे सगळे बरे. गोरक्षच्या पोराला दोन दात आलेत आणि ते त्यानं पहिल्यांदा माझ्या बोटावर चालवून बघितले. सूनबाई बनू म्हणते, आजोबांवर गेलाय, दिसेल ते तपासून बघतो. प्रवरेला पाणी आलंय. गेल्या साली पात्रात पोरं गोट्या खेळत होती, हे आता खरं वाटत नाही.

आता कामाचं. गेल्या वर्षी दुष्काळापायी मंडळानं गणपतीत नुसता पाट मांडला होता. यंदा पोरांच्या अंगात आलंय. देखावा पाहिजे, आणि तोही हलता पाहिजे. बैठक आपल्याच इंजिनदुरुस्तीच्या दुकानात झाली, कारण बसायला इंजिनांची खोकी आहेत आणि चहा फुकट आहे. छगन म्हणाला, मोराच्या तोंडाचं विमान करू आणि त्यात गणपती बसवू. मी म्हटलं, अरे, मोराच्या तोंडाचं विमान कोणी उडवलंय का? त्यापेक्षा खरं उडालेलं करू. सगळ्यांत पहिलं.

पेपरात आलं होतं, इंजिनाच्या विमानातून माणूस पहिल्यांदा उडाला त्याला येत्या डिसेंबरात सत्तर वर्षं होतात. अमेरिकेतले राईट बंधू. कला, ही माणसं कोण होती ठाऊक आहे का? सायकलवाले! दोघांपैकी एकानंही कॉलेज केलेलं नाही. दुकानात बसून, घरीच बनवलेलं इंजिन आणि सायकलसारख्या चेन लावून त्यांनी ते केलं. हे वाचल्यापासून माझी छाती अशी फुगली आहे की बनूला सदऱ्याची बटणं नव्यानं लावावी लागणार.

पोरं तयार झाली. पण पेपरातला फोटो असा छापलाय की विमान कुठलं आणि शाईचा डाग कुठला कळत नाही. पुढची बाजू कोणती तेही समजेना. तू रविवारी नगरला वाचनालयात जातेस. त्यांच्यावर एखादं इंग्रजी पुस्तक असेल तर बघ आणि कुठली वस्तू कुठं बसते ते कळव. तुला इंग्रजी शिकवलं, त्याचं काहीतरी वसूल होऊ दे.

बदलीचा अर्ज केलास का? गोरक्षचं लग्न झालं आणि तू काष्टीची शाळा मागून घेतलीस, तेव्हा मी काही बोललो नाही. पण आता पाच वर्षं झाली. किती दिवस परक्या गावात एकटीपुरती भाकरी थापणार? मागची खोली रंगवून घेतली आहे.

दादा


काष्टी,
२९ जुलै १९७३

ती. दादा,

पाया पडते आणि मग भांडते. इंग्रजी मला तू शिकवलं नाहीस. वहिनी गेल्यावर तीन वर्षांच्या गोरक्षला मांडीवर निजवून, तुझ्या चुलीपुढं बसून मी ते शिकले. तू फक्त रॉकेल फार जळतंय म्हणून ओरडायचास.

पुस्तक मिळालं. जाडजूड आहे आणि घरी न्यायला देत नाहीत, म्हणून तिथंच बसून उतरवून घेतलं. चित्र माझ्यानं होत नाही हे तुला माहीत आहे. मी फळ्यावर काढलेल्या गायीला वर्गातली पोरं अजून कुत्रं म्हणतात. सोबतचं चित्र इथल्या गुरांच्या दवाखान्यातले आसाराम यांनी काढून दिलंय. तेही नगरला आले होते.

विमानाला एकावर एक असे दोन पंख, मध्ये उभ्या काठ्या, काठ्यांना ताणलेल्या तारा. पंखांवर साधं कापड, आपल्या मांजरपाटासारखं. खालच्या पंखावर इंजिन आणि त्याच्या शेजारी माणूस पालथा झोपलेला. हो, झोपलेला, बसलेला नाही. तुमच्या गणपतीला मात्र बसवा. इंजिनापासून दोन चेन निघतात आणि मागच्या बाजूला दोन मोठी पाती फिरवतात. विमान खाली-वर वळवायच्या दोन आडव्या फळ्या पुढं असतात. नीट बघ, फळ्या पुढं आणि पाती मागं.

आणि दादा, या पुस्तकात मला एक माणूस भेटलं, ज्याचा तुझ्या पेपरात पत्ता नाही. या भावांना एक धाकटी बहीण होती. कॅथरीन. आई गेली तेव्हा ती पंधरा वर्षांचीही नव्हती. तेव्हापासून घर तिनं सांभाळलं. घरात पदवी घेतलेली ती एकटीच, आणि तीही माझ्यासारखी मास्तरीण. भाऊ दूर वाळूत विमान उडवायला गेले की ती घर बघायची आणि त्यांना पत्रं लिहायची. पुढं ऑर्व्हिल, म्हणजे धाकटा भाऊ, विमानासकट कोसळला. त्याचा पाय मोडला, बरगड्या मोडल्या. ही शाळा सोडून धावत गेली आणि दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिली. शाळेत परत गेलीच नाही. नाव झाल्यावर या भावांना राजेरजवाडे भेटायला यायचे, तेव्हा लाजऱ्याबुजऱ्या भावांच्या वतीनं बोलायची तीच.

मलाही तुला एक गोष्ट सांगायची आहे. पण विमानाच्या गडबडीत नको. गणपती झाले की लिहीन. राखी वेगळ्या पाकिटातून पाठवते.

तुझी
कला


कोल्हार,
१२ ऑगस्ट १९७३

चि. कला,

राखी पोचली. पौर्णिमेला एक टोक दातात धरून स्वतःच बांधीन.

चित्र झकास. काढणाऱ्याला माझा नमस्कार सांग. हात स्थिर आहे. माणूस वयस्कर असणार, तरण्या पोरांची रेघ अशी येत नाही. फक्त एका ठिकाणी बिचाऱ्याची गफलत झाली. पाती मागं दाखवली आहेत. मी ते चित्र सहादूबाबा सुतारांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "आरं राधाकिसन, बैल कदी गाडीच्या मागं जुंपत्यात व्हय? वढनारा फुडं पायजे. ह्ये चित्र उलटं हाय."

मला पटलं. ज्याचं काम ओढायचं तो पुढं, हे शेंबडं पोरही सांगेल. गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला बैल कुठं असतो हे कळू नये, याचं नवल वाटलं. असो, ते विमानाचे डॉक्टर नाहीत. आम्ही चित्र फिरवून घेतलं आहे. पाती पुढं, फळ्या मागं. बांबू सोलून झालेत. बनूनं मांजरपाट शिवायला घेतलाय आणि गल्लीतल्या बाया येऊन विचारतात, "लगनाचा मांडव हाय का?"

त्या कॅथरीनची गोष्ट मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली. बहीण असावी तर अशी. मी सगळ्यांना सांगितलं, आमची कला तशीच आहे. हिला काय स्थळं आली नव्हती? पण भावाचं लेकरू उघडं पडेल म्हणून हिनं एकाकडंही मान वर करून बघितलं नाही. छगनच्या डोळ्यांत पाणी आलं. (तो तसाही लवकर रडतो.) राईट बंधूंचं नाव जगात झालं, पण घरात ती होती म्हणून झालं. पुढं काय झालं गं तिचं? शेवटपर्यंत भावाकडंच राहिली असेल ना?

दादा


काष्टी,
२० ऑगस्ट १९७३

ती. दादा,

घाईत लिहिते. विमान फिरवू नकोस! चित्र बरोबर आहे. पुस्तकातला फोटो आम्ही भिंग लावून बघितला. बैल ओढतो, पण ही पाती ढकलतात. सहादूबाबांना सांग, होडीवाला मागच्या टोकाला बांबू रोवून होडी पुढं रेटतो की नाही, तसं. आसाराम म्हणाले, पाती पुढं बसवून इंजिन चालू केलंत, तर सगळा वारा गणपतीच्या तोंडावर येईल.

कॅथरीनचं पुढं काय झालं ते अजून वाचून व्हायचंय.

मी उघड्या पडणाऱ्या लेकरासाठी थांबले, हे खरं. पण दादा, ते लेकरू आता बाप झालंय. दुकानात माझी गोष्ट वाचून दाखवताना हेही सांगत जा.

कला


कोल्हार,
१४ सप्टेंबर १९७३

चि. कला,

तुझं पत्र आलं तेव्हा खिळे ठोकून झाले होते आणि सहादूबाबा म्हणाले होते, आता फिरवायचं असेल तर मला फिरवा. म्हणून पाती पुढंच राहिली. आता ऐक काय झालं.

दहा दिवस विमान मांडवात होतं. इंजिन बंद, पाती हातानं फिरवायची. राहुरीपासून माणसं बघून गेली. सगळं सुरळीत. पण विसर्जनाला पोरांनी हट्ट धरला, आज इंजिन लावायचंच. मलाही तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू. विमान बैलगाडीवर चढवलं, मधोमध गणपती, मागं माझं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन. पट्टा चढवला आणि हँडल मारलं.

पाती फिरली, कला! अशी फिरली की माझ्या अंगावर काटा आला. पण मग वारा सुटला. पहिली गेली निरंजनं. मग बाप्पाचा शेला. मग कोणीतरी गुलाल उधळला आणि तो सगळाच्या सगळा मागं उभ्या असलेल्या सरपंचांच्या तोंडात गेला, ते "मोरया" म्हणायला तोंड उघडत होते. राहीबाई ओरडायला लागली, "आरं बंद करा त्ये! बाप्पाला सर्दी व्हईल!" आणि पात्यांच्या पुढं कोण? बैल. शेपटीच्या मागं घरघर ऐकून ते असे उधळले की चार जणांनी वेसणी धरून कसेबसे थांबवले. शेवटी बैल सोडले, इंजिन बंद केलं आणि मंडळाच्या पोरांनी गाडी मागून ढकलत नदीवर नेली.

मागून ढकलत, कला. सहादूबाबा माझ्या शेजारून चालत होते. मग हळूच म्हणाले, "राधाकिसन, त्या गुरांच्या डाक्टरचंच खरं हुतं म्हनायचं." मी भर मिरवणुकीत पोट धरून हसलो. एवढा कधी हसलो होतो ते आठवत नाही.

तुझ्या आसारामरावांना सांग, कोल्हार हरलं. त्यांना दिवाळीला घेऊन ये, एसटीत खिडकीची जागा धरून दे, म्हाताऱ्या माणसाला त्रास नको. ज्याच्याशी वाद घालावा असा माणूस हल्ली मिळत नाही.

आता तुझी गोष्ट सांग. मी ओळखली आहे. बदली मंजूर झाली ना? बनूला सांगूनही टाकलं. खोलीला नवी कडी बसवली.

दादा


काष्टी,
२३ सप्टेंबर १९७३

ती. दादा,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या मुक्ताबाई बघायला आल्या. आणि मग शेवटची ओळ वाचून रडले, तेव्हा त्या जाऊन पाणी घेऊन आल्या. पितृपंधरवड्यात शुभ बातमी लिहू नये म्हणतात. पण तू नवी कडी बसवलीस, आता थांबता येत नाही.

बदलीचा अर्ज मी केलेला नाही. दादा, मी लग्न करते आहे. आसाराम यांच्याशी.

ते म्हातारे नाहीत, सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी श्रीगोंद्याला नांदते आहे. तिला विचारलं, ती हो म्हणाली. शनिवारच्या बाजारात ते गुरं तपासतात आणि रविवारी वाचनालयात असतात. तीन वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसून वेगवेगळी पुस्तकं वाचत होतो. मग एक दिवस म्हणाले, "बाई, तुमी येकट्या जेवता, मी येकटा जेवतो. दोघांच्या बी घरी भाजी उरती." त्यावर मी महिनाभर काही बोलले नाही. महिन्यानं म्हटलं, उरते खरी.

तुला जुलैतच सांगायचं होतं. धीर झाला नाही. तुझा राग मला माहीत आहे, त्याला मी भीत नाही. तुला वाईट वाटेल, त्याला भीत होते. कॅथरीनची गोष्ट लिहिली ती यासाठीच, की तिच्या आडून माझं सांगता येईल. तू ती दुकानात वाचून दाखवलीस आणि मला तुमच्या गणपतीशेजारी नेऊन बसवलंस. तिथून खाली उतरायला जागाच ठेवली नाहीस.

लग्न ९ डिसेंबरला, रविवारी, इथंच काष्टीत. साधंच. माझ्याकडून पाहुणे म्हणून मला एकच माणूस हवा आहे. बाकी कोणी आलं नाही तरी चालेल.

भाऊबीजेला कोल्हारला येते. समोर बसून बोलू. काय शिव्या द्यायच्या त्या तेव्हा दे.

तुझी
कला


(पोस्टकार्ड)

कोल्हार, १५ ऑक्टोबर १९७३

कला, पत्र पोचले. दिवाळीत इंजिनांची कामे आहेत, मी बाहेरगावी असेन. भाऊबीजेला येण्याची तसदी घेऊ नये. गोरक्ष, बनू, पोर ठीक.
— राधाकृष्ण


काष्टी,
३० ऑक्टोबर १९७३

ती. दादा,

तू कार्डाखाली "राधाकृष्ण" लिहिलंस. जन्मापासून तुला दादा म्हणते आहे. आता मीही ते नाव वापरायचं, हे मला त्या कार्डावरून कळलं.

परवा भाऊबीज झाली. मुक्ताबाईंना भाऊ नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळतात, तशा त्या ओवाळत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमी बी या." मी गेले. बीजेची कोर अगदी बारीक होती आणि लवकर बुडणार होती. तबक हातात घेतलं आणि मला तुझा इतका राग आला की कधी आला नव्हता. माझा भाऊ धडधाकट आहे, कोल्हारला इंजिनांना कान लावून बसलाय, आणि मी चंद्राला ओवाळतेय!

तू विचारलं होतंस, कॅथरीनचं पुढं काय झालं. अजून वाचून व्हायचंय असं मी लिहिलं, ते खोटं होतं. जुलैतच वाचलं होतं. आता ऐक.

थोरला भाऊ विल्बर तापानं गेला. मग ऑर्व्हिल आणि कॅथरीन एका मोठ्या घरात दोघंच राहिली. ती पन्नाशी ओलांडून गेली होती, तेव्हा कॉलेजातला एक जुना ओळखीचा तिला पत्रं लिहू लागला. वर्तमानपत्रवाला, विधुर. दोघांचं ठरलं. पण भावाला सांगायची तिची छाती होईना. वर्षभर ते तिनं मनात ठेवलं. शेवटी सांगितलं, तेव्हा ऑर्व्हिल तिच्याशी बोलेनासा झाला. ज्या बहिणीनं त्याच्या मोडक्या बरगड्यांपाशी बसून रात्री काढल्या, तिच्या लग्नाला तो गेला नाही. लग्नानंतर पत्र नाही, भेट नाही. ती दुसऱ्या गावी सुखात होती, पण या एका गोष्टीनं आतून खंगत होती. दोन-अडीच वर्षांत तिला न्यूमोनिया झाला. त्यांचा आणखी एक भाऊ होता, त्यानं समजावलं तेव्हा ऑर्व्हिल गेला. पोचला, पण ती तेव्हा जायलाच निघाली होती.

पुस्तकात हे एवढंच आहे, चार-सहा ओळी. बाकी सगळ्या पानांवर विमान.

दादा, मला न्यूमोनिया होणार नाही. मी काष्टीची बाजरी खाते. तू आला नाहीस तरी मी लग्न करणार आणि सुखात राहणार, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे तुला धमकी वाटायला नको. पण मला भाऊ मरणाच्या वेळी उशाशी नको आहे. लग्नाच्या वेळी मांडवात हवा आहे.

कला


कोल्हार,
१९ नोव्हेंबर १९७३

चि. कला,

तुझं पत्र आलं आणि मी त्या ऑर्व्हिलला दुकानात अशा शिव्या घातल्या की बनू बाहेर येऊन बघून गेली, कोण गिऱ्हाईक उधारी बुडवून आलंय. म्हटलं, अरे गाढवा, तू आभाळात गेलास, साऱ्या जगाच्या आधी गेलास, आणि बहिणीच्या मांडवापर्यंत तुला जाता आलं नाही? सहादूबाबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राधाकिसन, तू कुनाला बोलतूयास त्ये तुला कळतंय का?" मग कळलं, आणि मी दुकान लवकर बंद केलं.

आता माझी गोष्ट ऐक. परवाच्या शनिवारी मी काष्टीच्या बाजाराला आलो होतो. तुला न सांगता. निमित्त बैलाचं. मला बैल काय करायचाय? पण माणूस बघायचा होता. तू तीन वर्षं बघितलास, मी एक दिवस तरी बघायला नको?

गर्दीत विचारत विचारत तुझ्या आसारामरावांपर्यंत पोचलो. एक शेतकरी रडकुंडीला आला होता, त्याच्या गाईचा पाय बघत होता तो. घाई नाही, आरडाओरडा नाही. मी जवळच्या दावणीला जाऊन एक खिलारी बैल बघायला लागलो, बघतोय असं दाखवायला. चारी बाजूंनी बघितला. मग सवयीनं, कला, देवाशपथ सवयीनं, इंजिनाला लावतो तसा त्याच्या छातीला कान लावला.

मागून आवाज आला, "पाव्हनं, घ्यायचा न्हाई तर त्याला कशाला दमवता?"

मी म्हटलं, "घ्यायचा न्हाई, ह्ये कशावरनं?"

"घेनारा आदी दात बगतो. तुमी कान लावला." आणि मग तो हसला. "कोल्हारचं दादा ना तुमी? बाई म्हनल्या हुत्या, आमचा दादा कशाला बी आदी कान लावतो."

माझी काय अवस्था झाली असेल! पकडलेल्या चोरासारखा उभा राहिलो. त्यानं मला हॉटेलात नेलं, चहा सांगितला. मी ठरवून आलो होतो, बरंच बोलायचं. फक्त एवढंच बोललो, "या वयात लगीन म्हंजे लोकं काय म्हनतील, याचा इचार केला का?"

तो म्हणाला, "लोकं दोन बाजार बोलतील. तिसऱ्या बाजाराला त्यास्नी दुसरं जनावर मिळंल."

मग कपबशी खाली ठेवून म्हणाला, "दादा, तुमी न्हाई आला तरी लगीन व्हनार. पन बाई मांडवात सारख्या रस्त्याकडं बगत ऱ्हातील. नवरीनं नवऱ्याकडं बगायचं सोडून रस्त्याकडं बगितलं, तर माझं कसं दिसंल?"

मला हसू आलं आणि मग दुसरंच काहीतरी यायला लागलं, म्हणून मी चहाचे पैसे द्यायला उठलो. त्यानं ते आधीच दिले होते.

तुझ्या दारापर्यंत आलो होतो. कडी वाजवायला हात उचलला. आत तू कोणाला तरी सतराचा पाढा शिकवत होतीस आणि "पुन्हा म्हण, पुन्हा!" म्हणून ओरडत होतीस. गोरक्षवर ओरडायचीस, अगदी तशी. मी तसाच उभा राहिलो. पाढा संपला आणि मी परत फिरलो. रागावू नकोस. भाऊबीज चुकवून आलेल्या माणसाला बहिणीच्या दारात काय तोंडानं उभं राहायचं ते सुचेना.

कला, मला राग आसारामरावांचा नव्हता. लोकांचाही नव्हता, लोक नुसते तोंडी लावायला होते. मागची खोली मी तुझ्यासाठी रंगवली असं लिहीत होतो, पण ती माझ्यासाठी रंगवली होती. गोरक्ष आणि बनू चांगली आहेत, वेळेवर ताट वाढतात. पण संध्याकाळी दुकान बंद केल्यावर माझं चुकलं असं मला कोणी सांगत नाही. पाच वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो. तू कधीतरी परत येशील असं धरून चाललो होतो आणि तुला एकदाही विचारलं नाही, बाई, तुझ्या मनात काय आहे. आमच्या गणपतीशेजारी नेऊन बसवलंस म्हणालीस, ते बरोबर आहे. खाली उतर. सांभाळून उतर आणि तुझ्या घरी जा.

आम्ही सगळे लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारीच येतो. बनूनं तुझ्यासाठी हिरवं लुगडं आणलंय, मी रंग बघितला, बरा आहे. गोरक्ष कालपासून "माझ्या आत्याचं लगीन" म्हणून गावभर सांगत सुटलाय. लोकांचा पहिला बाजार त्यानंच उरकून टाकला.

आता एकच अट. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. तो धाकट्या भावाचा असतो, मला माहीत आहे. पण तुला धाकटा भाऊ नाही, आणि हा मान मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. त्रेपन्न वर्षांचा मेहुणा सत्तेचाळीस वर्षांच्या नवरदेवाचा कान पिळतोय, म्हणून लोक हसले तर हसू देत. मला मानाचा टॉवेल नको, टोपी नको. आसारामरावांना सांगून ठेव, हात इंजिनवाल्याचा आहे, पिळणार तो चांगला पिळणार.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर लोक म्हणतील, दादानं कान जोरात पिळला. माझ्या डोळ्यांत आलं तर लोकांना काय सांगायचं, ते तेवढं तू ठरवून ठेव.

तुझा
दादा